पटत नाही, तरीही सोबत: लोकशाहीतली सहिष्णुता आणि एकजूट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सहिष्णू असणं म्हणजे सगळ्यांशी गोड वागणं का?

नाही. जे आपल्याला आवडतं किंवा चालतं, त्याबाबत सहिष्णुतेचा प्रश्नच येत नाही. एखादी गोष्ट मनापासून पटत नाही, ती थांबवण्याची थोडीफार ताकद आपल्या हातात आहे, आणि तरीही आपण हात आवरतो, तेव्हा ती सहिष्णुता. यातलं एक जरी वजा केलं तरी दुसरंच काही उरतं. नापसंती नसेल तर ती बेफिकिरी. ताकद नसेल तर ती मुकाट्याने सोसणं. म्हणून ज्याच्या हाती सत्ता, संख्या किंवा पैसा आहे, त्याच्याकडून सहिष्णुतेची अपेक्षा जास्त. दबलेल्या माणसाला ‘जरा सहिष्णू हो’ असं सांगणं ही बहुतेक वेळा त्याला गप्प बसवण्याची सभ्य रीत असते.

ही कल्पना आली कुठून? थोर विचारवंतांनी मांडली म्हणून लोकांनी स्वीकारली?

खरं तर आधी दमछाक झाली, विचार नंतर आले. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात अनेक दशकं कापाकापी चालली. कुणीच दुसऱ्याला संपवू शकत नाही हे दिसल्यावर चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नान्तचा हुकूमनामा काढला आणि प्रोटेस्टंटांना मर्यादित धर्मस्वातंत्र्य मिळालं. पण ते राजाने दिलेलं होतं, त्यामुळे राजाला काढून घेताही आलं. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये तो हुकूमनामा रद्द केला आणि लाखाहून अधिक प्रोटेस्टंट देश सोडून गेले.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं सहिष्णुतेवरचं प्रसिद्ध पत्र १६८९ चं. त्याचा युक्तिवाद आजही टिकाऊ वाटतो: श्रद्धा बळजबरीने मनात उतरवता येत नाही, मग सरकारने त्या भानगडीत पडावंच कशाला? पण त्याच लॉकने नास्तिकांना या सवलतीतून वगळलं, कारण देव न मानणाऱ्याच्या शपथेला अर्थ काय, असं त्याचं म्हणणं. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी झालेल्या सहिष्णुता कायद्यानेही कॅथलिकांना बाहेरच ठेवलं. म्हणजे सहिष्णुतेच्या पहिल्या दस्तऐवजांवरही ‘हे सोडून’ अशी पाटी होतीच.

मग १७६१ च्या शरद ऋतूत तुलूझमधल्या झां कालास या प्रोटेस्टंट कापड व्यापाऱ्याच्या घरात त्याचा मोठा मुलगा मृतावस्थेत सापडला. तो कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याला मारलं, अशी वदंता गावभर पसरली. धड पुरावा नसताना मार्च १७६२ मध्ये कालासला चाकाला बांधून, हाडं मोडून ठार करण्यात आलं. फ्रेंच लेखक व्होल्तेरने हे प्रकरण लावून धरलं आणि १७६५ मध्ये कालास मरणोत्तर निर्दोष ठरला. व्होल्तेर काही प्रोटेस्टंट नव्हता आणि त्या पंथाबद्दल त्याला ममत्वही नव्हतं. माझ्या लेखी या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची बाब तीच आहे.

पण ‘आम्ही तुम्हाला सहन करतो’ हे अपमानास्पद नाही का?

आहे, आणि हा आक्षेप नवा नाही. राजकीय लेखक टॉमस पेनने १७९१ मध्ये लिहिलं की सहिष्णुता ही असहिष्णुतेच्या विरुद्ध नाही, ती तिचीच नकली आवृत्ती आहे. एक विवेकाचं स्वातंत्र्य रोखण्याचा हक्क सांगते, दुसरी ते बहाल करण्याचा, आणि हुकूमशाही दोन्हींत आहे. त्याच्या आदल्या वर्षी जॉर्ज वॉशिंग्टनने न्यूपोर्टच्या ज्यू समाजाला लिहिलेल्या पत्रात हाच सूर होता: एका वर्गाच्या मेहरबानीवर दुसऱ्याने हक्क उपभोगावेत असे दिवस आता राहिलेले नाहीत. जर्मन कवी ग्योथे तर म्हणाला की सहिष्णुता ही तात्पुरती मनोवृत्ती असावी, तिने पुढे स्वीकाराकडे न्यावं, कारण नुसतं सहन करणं म्हणजे अपमान करणं.

तिघांचंही म्हणणं अर्ध्यापर्यंत मान्य करावं लागतं. कायद्यापुढे कुणीही कुणाच्या मेहरबानीवर नसावं. तिथे सहिष्णुता नको, समान हक्क हवेत. पण हक्क मिळाले म्हणून नावड संपत नाही. शेजाऱ्याची श्रद्धा मला चुकीची वाटू शकते, माझं राजकारण त्याला घातक वाटू शकतं. ‘एकमेकांचा मनापासून स्वीकार करा’ ही मागणी इतकी मोठी आहे की ती पुरी न झाल्यास लोक खालची पायरीही सोडून देतात. म्हणून ती खालची पायरी मला मोलाची वाटते.

लोकशाहीत बहुमत निर्णय घेतं. मग अल्पमताची एवढी काळजी कशाला?

स्वित्झर्लंडचं उदाहरण घ्या. २९ नोव्हेंबर २००९ ला तिथल्या मतदारांनी नवे मिनार बांधण्यावर बंदी घालण्याच्या प्रस्तावाला ५७.५ टक्के मतांनी मंजुरी दिली आणि ती बंदी थेट संविधानात गेली. त्या वेळी पूर्ण देशात मिनार होते चार. मतदान खुलं होतं, मोजणी चोख होती, प्रक्रियेत खोट काढायला जागा नव्हती. तरीही प्रश्न उरतोच: चर्चचे मनोरे उभे राहू शकतात त्या देशात एकाच धर्माच्या इमारतीचा एक भाग निषिद्ध ठरवणं, हा बहुमताच्या अखत्यारीतला विषय होता का?

काही गोष्टी मताला टाकायच्याच नसतात, हे ठरवल्याशिवाय मतदानाला अर्थ राहत नाही. आज हरलेल्या माणसाला उद्या पुन्हा मागणी करण्याची, संघटना बांधण्याची, स्वतःसारखं जगण्याची मुभा असेल, तरच तो आजचा निकाल मान्य करेल. नाहीतर त्याने तो का म्हणून मानावा?

राजकीय पक्षांच्या बाबतीत सहिष्णुता म्हणजे काय? भाषणात शिव्या न देणं?

शिव्या न दिल्या तर बरंच, पण मुद्दा तो नाही. विरोधक सत्तेत आला तर देशाचं वाटोळं होईल असं वाटत असलं, तरी त्याला सत्तेत येण्याचा हक्क आहे हे मान्य करणं, ही पक्षीय सहिष्णुता. विरोधकाला ‘चुकीचा’ म्हणण्याऐवजी ‘गद्दार’ म्हणायला सुरुवात झाली की पुढचं सगळं ओघाने येतं. कारण गद्दाराला निवडणूक जिंकू देणं हाच मग गुन्हा ठरतो.

ऑक्टोबर २००८ मध्ये मिनेसोटातल्या एका प्रचारसभेत रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन समर्थकांचे प्रश्न घेत होते. एक बाई माईक हातात घेऊन म्हणाल्या, माझा ओबामांवर विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी मान हलवत माईक परत घेतला आणि सांगितलं की तसं नाही, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत आणि काही मूलभूत मुद्द्यांवर माझे त्यांच्याशी मतभेद आहेत. त्याच सभेत स्वतःच्याच समर्थकांनी त्यांची हुर्यो उडवली होती. (त्या उत्तरातही खोट आहे: अरब असणं आणि सभ्य असणं यांत विरोध असल्यासारखं ते ऐकू येतं.) तरीपण प्रचार ऐन भरात असताना आपल्याच माणसांना ‘तो शत्रू नाही’ असं तोंडावर सांगणारे नेते किती आठवतात?

असहिष्णू लोकांशीही सहिष्णुतेने वागायचं का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याचं सर्वात जास्त वापरलं जाणारं उत्तर तत्त्वज्ञ कार्ल पॉपरच्या नावावर खपतं: ‘असहिष्णूंना सहन केलं तर सहिष्णुताच नष्ट होते, म्हणून त्यांना दडपा.’ पॉपरने १९४५ मध्ये हा विरोधाभास मांडला हे खरं, पण तो एका तळटीपेत, आणि त्यातलं पुढचं वाक्य सहसा कुणी सांगत नाही. असहिष्णू विचारांना युक्तिवादाने उत्तर देता येतंय, लोकमत त्यांना आवर घालतंय, तोवर त्यांच्यावर बंदी घालणं शहाणपणाचं नाही, असं त्याने स्पष्ट लिहिलं. दडपण्याचा हक्क राखून ठेवायचा तो ते युक्तिवादच नाकारतील आणि अनुयायांना मुठीने किंवा पिस्तुलाने उत्तर द्यायला शिकवतील त्या वेळेसाठी. म्हणजे रेषा विचारावर नाही, हिंसेवर आहे.

भीती मात्र निराधार नव्हती. जर्मनीत १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. मार्च १९३३ मध्ये संसदेने स्वतःचे अधिकार हिटलरच्या हाती देणारा कायदा मंजूर केला तेव्हा सभागृहात गणवेशातले नाझी स्वयंसेवक उभे होते, कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा परागंदा होते आणि विरोधात मत देण्याची हिंमत फक्त सोशल डेमोक्रॅटांनी दाखवली. लोकशाहीच्या दारातून आत येऊन ते दार आतून बंद करता येतं, हे तिथे सिद्ध झालं.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीने संविधानातच तरतूद केली की लोकशाही उलथवू पाहणाऱ्या पक्षावर न्यायालय बंदी घालू शकतं. १९५२ मध्ये एका नवनाझी पक्षावर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर ती घातलीही गेली. पण २०१७ मध्ये एनपीडी या अतिउजव्या पक्षाचा खटला आला तेव्हा घटना न्यायालयाने म्हटलं: याचे हेतू संविधानविरोधी आहेत, पण ते तडीस नेण्याची याची कुवत दिसत नाही, म्हणून बंदी नाही.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. १९७७ मध्ये एका छोट्या नाझी गटाला स्कोकी या गावात मोर्चा काढायचा होता. हे गाव मुद्दाम निवडलेलं, कारण छळछावण्यांतून वाचलेले अनेक ज्यू तिथे राहत होते. या गटाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी नागरी हक्क संघटनेने खटला लढवला, आणि लढवणारा वकील स्वतः ज्यू होता. संघटनेचे हजारो सभासद चिडून सोडून गेले. खटला जिंकूनही तो मोर्चा स्कोकीत अखेर निघालाच नाही.

कोणती वाट बरोबर? मला दोन्ही समजतात. जर्मनीला तिची जखम आठवते, अमेरिकेला सरकारी सेन्सॉरची भीती वाटते. पण बंदीचं हत्यार ज्याच्या हातात द्यायचं, तो उद्या आपल्या विरोधातला असेल, हे गृहीत धरून नियम केले तर रेषा बरीच सरळ येते.

मग द्वेषपूर्ण भाषणही चालवून घ्यायचं?

भावना दुखावणं आणि जीव धोक्यात घालणं वेगळं. १९९४ मध्ये रवांडात आरटीएलएम हे रेडिओ केंद्र तुत्सी या अल्पसंख्य समाजाला झुरळं म्हणत होतं आणि कुणाला गाठायचं त्यांची नावं, ठिकाणं हवेवरून सांगत होतं. हे मतप्रदर्शन नव्हतं, शिकारीचं दिग्दर्शन होतं. याच्या उलट, एखाद्या धर्मावर, नेत्यावर किंवा परंपरेवर कडक टीका झाली आणि लोक खवळले, एवढ्यावरून ती द्वेषपूर्ण ठरत नाही. खवळण्यालाच पुरावा मानलं तर जो जास्त खवळेल त्याचा कायदा चालेल.

एकजूट म्हणजे काय? ती दयेपेक्षा वेगळी कशी?

दया वरून खाली येते. देणारा देतो, घेणारा आभार मानतो आणि दोघं आपापल्या जागी राहतात. एकजुटीत तुमचं नुकसान ते माझंही, असं मानून मी काहीतरी पणाला लावतो. आणि उद्या मीही तुमच्याकडून तेच मागू शकतो.

पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यात ऑगस्ट १९८० मध्ये हे अगदी जवळून पाहता येतं. आन्ना वालेन्तिनोविच या क्रेन चालवणाऱ्या कामगार बाईंना निवृत्तीला पाचच महिने उरलेले असताना कामावरून काढलं. १४ ऑगस्टला संप सुरू झाला. दोन दिवसांत व्यवस्थापन नमलं: पगारवाढ कबूल, वालेन्तिनोविच आणि संपाचे नेते लेख वाउएंसा यांना परत घेणं कबूल. वाउएंसांनी संप संपल्याचं जाहीर केलं आणि कामगार फाटकाकडे निघाले.

पण तोवर शहरातल्या लहानसहान कारखान्यांनी आणि ट्रामवाल्यांनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी काम बंद केलं होतं. त्यांना काहीच मिळालं नव्हतं. हेन्रिका क्शिव्होनोस या ट्रामचालक बाई ओरडल्या की तुम्ही आम्हाला सोडून गेलात तर आमचा निकाल लागला, बसगाड्या रणगाड्यांपुढे टिकायच्या नाहीत. वालेन्तिनोविच आणि आलिना पिएन्कोव्स्का ही परिचारिका फाटकांकडे धावल्या आणि बाहेर पडणाऱ्यांना अडवू लागल्या. पुष्कळ जण निघून गेले होते, उरलेले थांबले. स्वतःची मागणी पदरात पडल्यानंतर दुसऱ्याच्या मागणीसाठी चालू राहिलेला तो संप. ३१ ऑगस्टला सरकारने करार केला, स्वतंत्र कामगार संघटना मान्य केली आणि वर्षभरात तिचे सुमारे एक कोटी सभासद झाले. त्या संघटनेचं नावच ‘सॉलिडार्नोश्च’, म्हणजे एकजूट.

एकजुटीसाठी माणसं एकमेकांसारखी असावी लागतात का?

समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्कहाइमने १८९३ मध्ये दोन प्रकार सांगितले: सारखेपणातून येणारी एकजूट आणि वेगवेगळी कामं करणारे लोक एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे येणारी. आधुनिक समाज दुसऱ्या प्रकारावर चालतो. पण नुसतं अवलंबून असल्याने आपुलकी आपोआप येत नाही. कुणीतरी आधी उठून जावं लागतं.

१९८४ मध्ये ब्रिटनमध्ये खाणकामगारांचा वर्षभर चाललेला संप सुरू झाला. संघटनेचा निधी न्यायालयाने गोठवल्यामुळे मदत गोळा करणारे गट थेट खाणवस्त्यांशी जोडून घेऊ लागले. लंडनमधल्या समलिंगी तरुणतरुणींनी असाच गट काढला आणि साउथ वेल्सच्या डुलैस खोऱ्यातल्या वस्तीला पैसे पाठवायला लागले. दोन्हीकडे कुरबुर होती. खाणवस्तीत काहींना हे लोक नकोसे होते. उलट बाजूला ‘ज्यांनी आयुष्यभर आपल्याला हिणवलं त्यांच्यासाठी वर्गणीचे डबे घेऊन फिरायचं?’ असं विचारणारेही होते. मग भेटीगाठी झाल्या, मुक्काम झाले. लंडनमधल्या मदतनिधीच्या एका कार्यक्रमात खाणकामगारांच्या प्रतिनिधीने मंचावरून सांगितलं की तुम्ही आमचा बिल्ला लावलात, आता आम्ही तुमचा लावू.

मार्च १९८५ मध्ये संप हरला. पण त्याच उन्हाळ्यात लंडनच्या प्राइड या समलिंगींच्या मोर्चात खाणकामगार आपले फलक घेऊन पुढे चालले, आणि त्या वर्षीच्या मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगी हक्कांचा ठराव मंजूर झाला त्यात खाणकामगार संघटनेची मतं होती. या लोकांचं एकमेकांच्या जगण्याविषयी एकमत झालं होतं असं अजिबात नाही. एकमत होईपर्यंत थांबायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

एकजूट घातक ठरू शकते का?

हो, आणि पटकन. ‘आपण सगळे एक’ या वाक्यात ‘आपण’ कोण, हे कुणीतरी ठरवत असतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर राष्ट्रीय एकजुटीच्या लाटेतच अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून छावण्यांत टाकण्याचा आदेश काढला. सुमारे १,२०,००० माणसं, त्यांतली दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक. हयात असलेल्यांना माफी आणि प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई देणारा कायदा व्हायला १९८८ उजाडलं. आपल्यातल्या वेगळ्या आवाजाला जागा न ठेवणारी एकजूट ही टोळी असते, मग ती कितीही उदात्त घोषणा देवो.

मग सहिष्णुता आणि एकजूट एकमेकींच्या विरोधात आहेत का? एक म्हणते ‘त्याला त्याच्या वाटेने जाऊ दे’, दुसरी म्हणते ‘त्याच्यासोबत उभा राहा’.

वरवर तसं दिसतं. पण दोघींचा जन्म एकाच अडचणीतून होतो: माणसांची मतं जुळत नाहीत, जुळण्याची शक्यताही नाही, आणि राहायचं तर एकाच व्यवस्थेत आहे. फक्त सहिष्णुता असेल तर जो तो आपल्या कुंपणात, आणि दुसऱ्याच्या अंगणात आग लागली तरी ‘त्यांचं ते बघतील’. फक्त एकजूट असेल तर कुंपणच नको, सगळ्यांनी एका सुरात बोलायचं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात यावर नेमकं बोट ठेवलं. बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता या गोष्टी स्वाभाविकपणे अंगवळणी पडणार नाहीत, त्या अमलात आणायला शिपाई उभा करावा लागेल, असं ते म्हणाले. कायद्याने मला तुमच्या अंगावर हात टाकण्यापासून रोखता येईल. पण तुमच्यावर अन्याय होताना मी साक्ष द्यायला पुढे यावं, हे कोणता शिपाई करून घेणार?

कर भरणं ही एकजूट आहे का?

आहे, जरी भरताना तसं वाटत नसलं तरी. जिला आपण कधी भेटणार नाही अशा आजारी व्यक्तीच्या उपचाराचा खर्च त्यातून जातो. पण ही बिनचेहऱ्याची एकजूट टिकते ती ‘बाकीचेही भरतात’ या विश्वासावर. मोठे मासे सुटताना दिसले की ती उसवते.

एकमेकांना भेटलं, ओळख झाली की द्वेष आपोआप कमी होतो का?

आपोआप नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये अशा संपर्काला अटी घातल्या होत्या: दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, काम मिळून करायला हवं, आणि अधिकाऱ्यांचा किंवा कायद्याचा पाठिंबा हवा. मालक आणि नोकर रोज भेटतातच, त्याने काय झालं?

त्याच वर्षी मुझफ्फर शेरिफ या मानसशास्त्रज्ञाने ओक्लाहोमातल्या एका उन्हाळी शिबिरात २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावल्या. मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले, खोल्यांवर हल्ले केले. मग त्यांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं तर अन्नच फेकाफेकीला वापरलं गेलं. फरक पडला तो पाणीपुरवठा बंद पडल्यावर आणि जेवण आणणारा ट्रक अडकल्यावर, कारण दोन्ही गटांनी मिळूनच तो दोर लावून ओढला. प्रयोगावर आक्षेप पुष्कळ आहेत: मुलं मोजकी आणि एकाच सामाजिक थरातली होती, आणि संशोधक मागून सूत्रं हलवत होते. त्यामुळे त्यावर फार मोठा इमला चढवू नये. पण स्नेहसंमेलनांपेक्षा एकत्र करायचं काम जास्त कामी येतं, हे अनेक चळवळींच्या अनुभवाशी जुळतं.

जवळच्या गटात कुणी एखाद्या समाजाबद्दल वाईटसाईट बोललं तर गप्प बसणं सहिष्णुता का?

नाही. सहिष्णुता हात आणि कायदा आवरायला सांगते, तोंड बंद ठेवायला सांगत नाही. ‘मला हे पटत नाही’ एवढं त्याच वेळी, सगळ्यांदेखत, आवाज न चढवता सांगितलं तरी पुरतं. लांबलचक व्याख्यान दिलंत तर विषय तुमच्यावर घसरेल. ‘तुला हे कुठून कळलं?’ असा साधा प्रश्न बऱ्याचदा जास्त काम करतो, कारण उत्तर सहसा ‘असं म्हणतात’ इतकंच असतं. बोलणाऱ्याचं मत तिथल्या तिथे बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. ऐकणाऱ्यांत त्या समाजाचं कुणी बसलेलं असू शकतं, आणि बोलायचं ते मुख्यतः त्याच्यासाठी. नंतर त्याला बाजूला घेऊन ‘तू मनावर घेऊ नकोस’ म्हणण्याचा फारसा उपयोग होत नाही.